निरंक

त्या इस्पितळात तिला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. वरच्या मजल्यांवर ती 'खालच्या मॅडम' होती, कारण सर्व्हरची खोली तळघरात, चादरी धुण्याच्या यंत्रांना लागून होती. आणि घरी ती 'घाईबाई' होती. हे नाव आत्याने ठेवलेलं. पाचवीपासून ती आत्याकडेच राहिली, आत्याच्याच शाळेत शिकली, आणि तीन तासांचा पेपर पावणेदोन तासांत टाकून वर्गाबाहेर पडायची. बाहेर व्हरांड्यात आत्या उभीच. "आलात घाईबाई? किती प्रश्न गाळलेत?" पुढे चाळिशी आली, इस्पितळाचे सगळे कॉम्प्युटर तिच्या एकटीच्या हाती आले, तरी नाव तेच राहिलं. आपणही तेच वापरू. तिला ते शोभतं.

बुधवारी सकाळी सव्वाआठला मोठ्या सिस्टर तळघराच्या पायऱ्या उतरून आल्या, तेव्हाच घाईबाईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मोठ्या सिस्टर कुणाकडे जात नसत. लोक त्यांच्याकडे जात. त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि वर बोट ठेवलं.

"मॅडम, हे काय आहे?"

"फॉर्म आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंट भरतात तो."

"ते मलाही दिसतंय, चष्मा लावून आलेय मी. हा माणूस रोज दोन वेळा इन्सुलिन घेतो. आणि तुमचा कागद काय म्हणतो? मधुमेह, निरंक. चालू औषधं, निरंक. सगळंच निरंक."

"त्यांनी भरलंच नसेल, सिस्टर."

"भरलंय म्हणतात. शिंपी आहेत ते. म्हणाले, 'बाई, काज घालायला घेतलं की एक टाका सोडत नाही मी, फॉर्म काय सोडीन? दोन चष्मे बदलून बदलून, सावकाश भरलाय.'" मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. "ऑपरेशन पुढे ढकललंय त्यांचं. पण मी वेगळाच विचार करतेय. माणूस बोलका निघाला म्हणून कळलं. घुमा असता तर?"

त्या गेल्या. यंत्रांची घरघर भिंतीतून येत राहिली आणि घाईबाई त्या कागदाकडे बघत बसली. आज एक वाजता आत्याचं ऑपरेशन होतं. पित्ताशयातले खडे. ह्याच इस्पितळात, ह्याच फॉर्मवर.

फॉर्मची भानगड अशी होती. ऑपरेशन ठरलं की पेशंटच्या मोबाइलवर एक लिंक जायची. ती उघडली की चार पानं. पहिल्या पानावर नाव-पत्ता, दुसऱ्यावर घरातले आजार, तिसऱ्यावर स्वतःचे आजार, औषधं, काय चालतं, काय चालत नाही, आणि चौथ्यावर संमती आणि सही. 'पाठवा' दाबलं की 'धन्यवाद' यायचं, आणि सकाळी वर कागद छापला जायचा. डॉक्टर तो कागद बघूनच भूल द्यायचे.

आणि ह्याआधी दोनदा कुणीतरी म्हणालं होतं, 'मॅडम, कधीतरी फॉर्म कोरा येतो हो.' कधीतरी! रोज बिघडणारी गोष्ट सापडते, दुरुस्त होते, विसरली जाते. कधीतरी बिघडणारी गोष्ट पाहुण्यासारखी येते आणि आपण दार उघडेपर्यंत निघूनही गेलेली असते. दोन्ही वेळा घाईबाईने स्वतः फॉर्म भरून पाहिला होता, दोन्ही वेळा तो नीट आला होता, आणि दोन्ही वेळा तिने तोच निष्कर्ष काढला होता जो तिच्या धंद्यातले सगळे काढतात: लोकांना भरता येत नाही.

सगळ्यात आधी तिने आत्याचा फॉर्म उघडला. सही होती, संमतीवर बरोबरची खूण होती. आणि वर रांगेने: मधुमेह निरंक, रक्तदाब निरंक, पूर्वीचे आजार निरंक, ॲलर्जी निरंक.

तिने सुस्कारा सोडला. आत्याचं निरंक म्हणजे खरोखरच निरंक. आत्याला साधी सर्दी झालेली तिने कधी पाहिली नव्हती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत आत्याची आजारपणाची रजा शून्य, आणि हे ती ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला समोरच्याला सांगायची. खडेसुद्धा तिने असे जाहीर केले होते की जणू पित्ताशयानेच शिस्त मोडली.

मग घाईबाई कामाला लागली. तिने नवा फॉर्म भरला. आला. दुसऱ्या मोबाइलवरून भरला. आला. तिसरा, चौथा, नववा. नावाच्या जागी 'कखग', आजाराच्या जागी 'टठड', पटापट, दोन-दोन मिनिटांत एकेक. सगळे आले. एक जरी कोरा आला असता तर तिला बरं वाटलं असतं. ज्याची भीती वाटते ती गोष्ट समोर येत नाही, हीच सगळ्यात वाईट भीती.

सर्व्हर ज्यांच्याकडून भाड्याने घेतला होता त्यांना तिने फोन केला. तिथला माणूस मधासारखा गोड होता.

"मॅडम, आमच्याकडून सगळं हिरवं दिसतंय."

"हिरवं असेल हो, पण फॉर्म कोरे येतात."

"किती येतात, मॅडम?"

"कधीतरी."

पलीकडून कळफलकाची टकटक आली. मग तो म्हणाला, "मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघितलंत का?"

तिने फोन ठेवला आणि कपाटातून लांब रजिस्टर काढलं. स्क्रीनवर सगळं असतं हे खरं, पण घाबरलेल्या माणसाला रेघा मारायला बऱ्या वाटतात. गेल्या महिन्यात कागदावर सगळं निरंक, पण पेशंटच्या फाइलमध्ये मात्र पुढे आजार किंवा औषधं नोंदलेली, असे फॉर्म तिने वेगळे काढले. नऊ निघाले. तिने रकाने पाडले: मोबाइल कुठला, दिवस कुठला, वेळ कुठली, वय किती. मोबाइल सगळे वेगवेगळे. दिवस वेगवेगळे. वयावर ती जरा थबकली, सहा जण साठीच्या पुढचे होते. पण एक अठ्ठावीस वर्षांची जुळ्यांची आई होती, एक ट्रकड्रायव्हर होता, एक कॉलेजची मुलगी होती. म्हणजे वयही नाही. तिला नऊ माणसं दिसत होती आणि त्यांच्यात काहीच सारखं दिसत नव्हतं. सव्वादहा वाजले.

जुळ्यांच्या आईला तिने फोन लावला.

"फॉर्म ना? भरला होता की," मागे दोन पोरं एका सुरात रडत होती. "अहो, एक प्रश्न वाचला की एक उठायचं, दुसरा वाचला की दुसरं. चहा तीनदा गार झाला त्या फॉर्मपायी. का हो? काही राहिलं का?"

"नाही, नाही. सहज," असं म्हणून घाईबाईने फोन ठेवला, आणि ठेवता ठेवताच रजिस्टर पुन्हा पुढ्यात ओढलं.

चहा तीनदा गार झाला. दोन चष्मे बदलून बदलून. सावकाश.

तिने रजिस्टरमध्ये न पाडलेला एकच रकाना होता: किती वेळ लागला. घाईबाईला तो सुचणार तरी कसा? लिंक कधी उघडली आणि 'पाठवा' कधी दाबलं, हे सर्व्हर लिहून ठेवतोच. तिने वजाबाक्या केल्या. नीट आलेले फॉर्म: सहा मिनिटं, नऊ मिनिटं, चौदा मिनिटं. कोरे आलेले नऊ: एकतीस, सव्वीस, सत्तेचाळीस, शिंप्याचे बावन्न. वीसच्या आतला एकही नाही.

वीस. हा आकडा तिच्या ओळखीचा होता. तो तिचाच होता.

चौदा महिन्यांपूर्वी स्वागतकक्षातल्या बाईने तक्रार केली होती. काउंटरवरच्या टॅबलेटवर एक पेशंट अर्धा फॉर्म भरून निघून जातो आणि पुढच्याला त्याचे आजार वाचायला मिळतात. तक्रार रास्त होती. भरता भरता प्रत्येकाची उत्तरं सर्व्हर एका तात्पुरत्या पाटीवर ठेवायचा. घाईबाईने ठरवलं, वीस मिनिटं कुणी 'पुढे' दाबलं नाही तर पाटी पुसून टाकायची. चार पानं भरायला वीस मिनिटांहून जास्त कुणाला लागणार? तिला दोन लागत होती.

आणि पाटी पुसली गेल्यावर माणसाने 'पुढे' दाबलं तर? तर सर्व्हर निमूटपणे नवी कोरी पाटी घ्यायचा, हातातलं पान टाकून द्यायचा आणि माणसाला चौथ्या पानावर न्यायचा. तिथे सही. मग 'धन्यवाद'. ना तक्रार, ना लाल अक्षरं. जो माणूस एकेक आजार आठवून, गोळ्यांची पाकिटं समोर मांडून, नीट विचार करून लिहितो, नेमका त्याचाच फॉर्म कोरा व्हायचा. ज्याच्याकडे लिहिण्यासारखं काही नाही त्याचा पोचायचा.

एवढ्यावरही कुणी सावध झालं असतं. कोरा रकाना दिसला की नर्स विचारतेच. पण त्याच महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी तिला वर बोलावलं होतं. त्यांची उमेदीची वर्षं सरकारी नोकरीत गेलेली. "मोकळे रकाने बरे दिसत नाहीत हो. तपासणीला आलेले लोक म्हणतात, काम अर्धवट. काही नसेल तिथे निरंक येऊ दे." घाईबाईने खाली येऊन एक ओळ लिहिली: उत्तर रिकामं असेल तर 'निरंक' छापा. दीड मिनिटाचं काम. 'ह्याने उत्तर दिलं नाही' आणि 'ह्याला काही नाही' ह्या दोन गोष्टी त्या दीड मिनिटात एक झाल्या.

तिने पाणी पिण्यासाठी बाटली उचलली आणि न पिताच खाली ठेवली. एक हिशेब राहिला होता. तो तिला करायचा नव्हता. तिने तो केला.

आत्या. लिंक उघडली, काल दुपारी चार वाजून दोन मिनिटं. 'पाठवा' दाबलं, पाच वाजून दहा मिनिटं.

अडुसष्ट मिनिटं.

निरंक लिहायला कुणाला अडुसष्ट मिनिटं लागतात?

आत्याने तासाभराहून जास्त वेळ काय लिहिलं असेल? जिला कधी काही झालं नाही तिने? एक वाजायला अजून वेळ आहे, ती स्वतःला समजावत होती, दोन तास आहेत, वर जाऊ, शांतपणे सांगू. दिवसाची यादी तिने फक्त खात्री करायला उघडली. पहिल्याच ओळीवर शिंप्याचं नाव खोडलेलं होतं. त्याची जागा रिकामी झाली म्हणून खालचं नाव वर सरकवलं होतं. आत्या. पावणेअकरा. आणि शेजारी दोन शब्द: आत घेतले.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

ऑपरेशन थिएटरचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. आत हात धुतलेली माणसं फोन उचलत नाहीत. लिफ्टमध्ये चादरींची ढकलगाडी अडकली होती. घाईबाई जिन्याने पळाली. तळघर, तळमजला, पहिला. दुसऱ्यावर तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आपण काय बोलणार हे तिला ठाऊक नव्हतं. 'इंजेक्शन देऊ नका', पण कुठलं? 'तिला काहीतरी आहे', पण काय? जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिला एकच शब्द दिसत होता, रांगेने, काळ्या ठळक अक्षरांत छापलेला.

तिसऱ्या मजल्यावर थिएटरच्या दाराबाहेर बाकावर आतोबा बसले होते. मांडीवर आत्याची पर्स, दोन्ही हातांनी धरलेली, जशी बँकेत रांगेत उभी असलेली माणसं पिशवी धरतात.

"अगं, आलीस? नंबर लवकर लागला बघ आमचा," ते खुशीत म्हणाले. "तुझी ओळख कामाला आली."

तिने दार ठोठावलं. दोन्ही तळव्यांनी. दार फटीएवढं उघडलं आणि टोपी घातलेल्या सिस्टरचा चेहरा दिसला.

"खालच्या मॅडम? आत येता येत नाही."

"थांबवा! माझ्या आत्याचा कागद खोटा आहे."

"खोटा म्हणजे?"

"निरंक तिने लिहिलेलं नाही. ते मी लिहिलंय. म्हणजे मशीन लिहितं. तिने जे लिहिलं ते पुसलं गेलंय. डॉक्टरांना बोलवा!"

सिस्टरने तिच्याकडे शांतपणे पाहिलं, नातेवाइकांना अशा वेळी काय काय होतं ते तिला नवीन नव्हतं. पण घाईबाईचा पाय दारात होता. भूल देणारे डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आले.

"मॅडम, मी स्वतः विचारलंय त्यांना. 'मावशी, कुठल्या औषधाची ॲलर्जी?' तर म्हणाल्या, 'सगळं लिहून दिलंय, वाचायची सवय ठेवा.' म्हणून मी वाचलं. निरंक आहे."

बत्तीस वर्षं आत्या हेच म्हणत आली होती. फळ्यावर लिहिलेलं ती पुन्हा तोंडाने सांगत नसे.

"आता विचारा ना तिला!"

"आता गुंगी चढलीय त्यांना. आणि टाके पडू नयेत... म्हणजे पू होऊ नये म्हणून द्यायचं ते इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलंय." डॉक्टरांचाच शब्द घसरला, तेव्हा तेही घाबरलेत हे घाईबाईच्या लक्षात आलं. "मला नक्की सांगा. काय लिहिलं होतं त्यांनी?"

"माहीत नाही."

"मग मी काय करू? तुम्ही म्हणता कागद खोटा. खरा कुठाय?"

खरा कुठाय. घाईबाईला व्हरांडा आठवला. शाळेचा व्हरांडा आणि आत्याचा आवाज. 'घाईबाई, आधी कच्चं, मग पक्कं. किती वेळा सांगू?' आत्या पोस्टकार्डसुद्धा आधी कच्चं लिहायची. किराण्याच्या यादीचंही कच्चं असायचं. जी बाई चार ओळींच्या पत्रासाठी कच्चं काढते ती चार पानांचा फॉर्म सरळ मोबाइलवर भरेल? म्हणून तर अडुसष्ट मिनिटं!

"आतोबा, पर्स!"

"पर्स?" आतोबांनी ती छातीशी धरली. "अगं, चाळीस वर्षांत मी हिच्या पर्सला हात लावलेला नाही."

"मी लावतेय!"

रुमाल, किल्ल्या, पेपरमिंटच्या गोळ्या, लाल पेन. तळाशी शाळेतली असते तशी दुरेघी वही, दुमडलेली. पहिल्या पानावर वर, मधोमध, अधोरेखित: कच्चे. खाली प्रश्नांचे क्रमांक लाल शाईत, उत्तरं निळ्या. घाईबाईची बोटं पानांना चिकटत होती. चौदा, मधुमेह: नाही. पंधरा, रक्तदाब: नाही, मागील महिन्यात तपासला. सोळा. सतराव्या उत्तराला अर्धं पान लागलं होतं. त्यात 'श्वसन' हा शब्द खोडून वर 'श्वास' केलेला.

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला अडखळली. डॉक्टरांनी वही काढून घेतली आणि स्वतःच मोठ्याने वाचलं.

'पेनिसिलीन जातीचे औषध चालत नाही. दाढ काढल्यानंतर हे इंजेक्शन दिले असता पाच मिनिटांत घसा सुजून श्वास बंद पडला. दोन दिवस इस्पितळात होते. दवाखान्यातून सांगितले की पुन्हा दिल्यास वाचणे कठीण. भाचीची वार्षिक परीक्षा चालू असल्याने तिला सांगितले नाही. शिबिराला गेले असे कळवले. हे उत्तर गोपनीय ठेवावे, ती ह्याच इस्पितळात आहे.'

डॉक्टरांनी ते मनाशी पुन्हा एकदा वाचलं आणि ते वहीसकट आत गेले. दाराला गोल काच होती. काचेतून घाईबाईला त्यांची पाठ दिसली, हिरव्या कापडाखाली आत्याची पावलं दिसली, आणि ट्रेमधून सिरिंज उचलणारा हात दिसला. एक क्षण तो हात हवेत तसाच राहिला. मग हाताने पायाशी असलेल्या डब्याचं झाकण उघडलं आणि सिरिंज आत टाकली. टक्, असा बारीक आवाज आला.

ती दाराला टेकून जमिनीवर बसली.

"शिबिर," आतोबा बाकावरून म्हणाले. "मी दोन दिवस तुला भात करून घातला बघ, करपलेला. इंजेक्शनचं नाव काय मला ठाऊक? मला एवढंच म्हणाली, दाताचं आहे, दोन दिवस राहावं लागेल, पोरीला शिबिर सांगा. दात म्हटलं, मी दात समजलो." मग ते पुटपुटले, "मला कुणी विचारलं असतं तर तेवढं तरी सांगितलं असतं."

आत्याचं ऑपरेशन दुसरं औषध देऊन पार पडलं. पाच खडे निघाले. एकूण संख्या तिने शुद्धीवर आल्यावर आधी विचारली.

तोवर घाईबाई मोठ्या डॉक्टरांसमोर उभी होती. मोठ्या सिस्टर दाराशी होत्या, हाताची घडी घालून.

"गेल्या चौदा महिन्यांत छापलेला एकही कागद खरा धरू नका," ती म्हणाली. "आजचे तीन पेशंट आहेत, त्यांना तोंडी विचारा. प्रत्येक प्रश्न."

"पण हे निरंक घातलं कुणी?" मोठे डॉक्टर म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला.

"तुम्ही सांगितलंत, पण विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही. वीस मिनिटंही माझीच."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "भांडण नंतर करू. आधी मला सांगा, असे किती कागद गेले असतील?"

हा प्रश्न घाईबाईला जिन्यावरच पडला होता आणि तिने तो पायरीवरच सोडून दिला होता. आता तो पुन्हा समोर आला. त्या दुपारी तिने आधी पाटी दुरुस्त केली. कुणाचंही उत्तर हातातून न टाकता ती आता उत्तरं जपून ठेवणार होती, माणसाने दिवस घेतला तरी. मग 'निरंक' काढून तिथे घातलं: उत्तर आलेले नाही, तोंडी विचारा. मोकळा रकाना लाल. ते काम दोन तासांत झालं. मग तिने चौदा महिन्यांचे फॉर्म काढून वजाबाक्या केल्या. एकशे एकतीस.

एकशे एकतीस माणसं, ज्यांनी सावकाश लिहिलं होतं.

तिने आणि मोठ्या सिस्टरांनी मिळून रोज फोन केले. बहुतेक ठणठणीत निघाले. काहींनी तोंडीही सांगितलं होतं, काहींना नशिबाने ते औषध द्यावंच लागलं नव्हतं. प्रत्येक फोन उचलला जाईपर्यंत घाईबाई रजिस्टरवर पेन दाबून धरायची. कागदाला भोकं पडली. ट्रकड्रायव्हर हसला: "मॅडम, मी सिग्नलला सिग्नलला भरला तो फॉर्म!" कॉलेजच्या मुलीने पुन्हा फोन करू नका म्हणून बजावलं. एका बाईचा मुलगा म्हणाला, "आई त्या वेळी तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. रक्त पातळ करायची गोळी चालू होती ना तिची, रक्त थांबेचना. आम्ही म्हटलं, वय झालंय, व्हायचंच." आई आता बरी होती. मुलाने आभार मानले, चौकशी केली म्हणून. घाईबाईने ते शब्दशः लिहून घेतलं, आणि मग बराच वेळ तिला पुढचा नंबर दाबता आला नाही.

शुक्रवारी दुपारी ती आत्याच्या खोलीत बसली होती. आत्या उशांना टेकून, नाकावर चष्मा, तिचंच रजिस्टर वाचत होती.

"'अतिदक्षता'ला दुसरी वेलांटी दिलीस, पहिली हवी. ऱ्हस्व."

"आत्या."

"आणि ते गोपनीय होतं. सतरावं उत्तर."

"तू मला शिबिर सांगितलंस. मी तुला चिडवलं होतं, मज्जा करून आलीस म्हणून."

"तुझा बीजगणिताचा पेपर होता," आत्या म्हणाली. "तरी दोन गणितं गाळलीसच." मग रजिस्टर मिटून तिने ते मांडीवर ठेवलं. "किती राहिले?"

"एक. तीन दिवस लावतेय, कुणी उचलत नाही. गेल्या पावसाळ्यातलं ऑपरेशन आहे. चोपन्न मिनिटं लागली होती त्यांना."

"लाव."

"आत्ताच सकाळी दोनदा..."

"घाईबाई, लाव."

तिने लावला. आठ वेळा वाजला, नऊ, दहा. ती ठेवणारच होती, तेवढ्यात पलीकडे खुट्ट झालं आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, दुरून, जणू फोन उलटा धरलाय.

घाईबाईने इस्पितळाचं नाव सांगितलं, पेशंटचं नाव सांगितलं. ते कसे आहेत, असं विचारलं.

"ह्यांचं विचारताय होय?" आवाज म्हणाला. मग, "थांबा हं जरा."

फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. चपला घासत गेल्या. दूर एक दार करकरलं. त्यानंतर नुसती खोली ऐकू येत होती, आणि तिच्यात एक घड्याळ.

दोन मिनिटं झाली. चार झाली. आत्याने भुवया उंचावल्या. घाईबाईने मान हलवली. नर्स औषध घेऊन आत आली, तिला घाईबाईने हातानेच थोपवलं. पलीकडे कुणी खोकलं का? की दारच होतं ते? तिने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला.

सात मिनिटं. घड्याळ चालू होतं. घाईबाई थांबून राहिली.